ट्रेंटकाठचा हेकट गुरू

१९६२ सालच्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २६ डिसेंबरला, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलंड शहरात रोकर पार्क मैदानावर एक सामना चालू होता. प्रतिस्पर्धी संघ होता बरी या गावाचा. संडरलंडचा आघाडीवीर पुढे टाकलेल्या चेंडूमागे धावला, समोरून गोलरक्षक झेपावला, दोघांची टक्कर झाली आणि आघाडीवीराच्या गुडघ्यातील बंध तुटले. त्या काळच्या शस्त्रक्रियेला अशा गुडघ्यातून पुन्हा धावणारा पाय घडवता येत नसे. सत्ताविसाव्या वर्षी ज्याचा धंदाच बुडाला त्या खेळाडूचे नाव ब्रायन क्लफ. पुढे जवळजवळ पावणेदोन वर्षांनी त्याने मोठ्या जिद्दीने पुनरागमन केले, पण तीन सामन्यांतच त्याला कळून चुकले की आता संपले. साखळी स्पर्धेतील २७४ सामन्यांत २५१ गोल असा हिशेब मागे ठेवून तो मैदानाबाहेर आला.

या माणसाची गोष्ट आज गोमंतकीय वाचकांपुढे मांडण्यास तसे कोणतेही निमित्त नाही. परंतु आमच्या खेड्यापाड्यांतून रात्री उशिरापर्यंत दूरचित्रवाणीवर इंग्लिश साखळीचे सामने पाहणारी जी तरुण मंडळी आहेत, त्यांना अब्जाधीश मालकांचे क्लब आणि जगभरातून आणलेले प्रशिक्षक मुखोद्गत असतात. नॉटिंगहॅम फॉरेस्ट नावाचा एक मध्यम प्रतीचा क्लब एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा युरोपचा विजेता झाला होता असे त्यांना सांगितले, तर ती थट्टा वाटण्याचा संभव आहे. स्वदेशातील साखळी ज्याने एकदाच जिंकली आणि युरोपचा करंडक मात्र दोनदा, असा क्लब युरोपात हा एकच. हा चमत्कार कोणी आणि कसा केला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगण्यासारखे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे 'मॅनेजर' म्हटले की बँकेतला किंवा लॉजवरचा माणूस डोळ्यांसमोर येतो. इंग्लिश फुटबॉलमधील मॅनेजर हा निराळाच प्राणी. कोणता खेळाडू विकत घ्यावा, कोणता विकावा, अकरा जणांत कोण, राखीव कोण, सराव किती, शिस्त कशी, याची सारी जबाबदारी त्याची. क्लब जिंकला तर श्रेय बहुधा अध्यक्ष घेतात आणि हरला तर जबाबदारी निश्चितपणे मॅनेजरची. नोकरी अशी की बूड टेकण्यापूर्वीच उठण्याची तयारी ठेवावी. या नोकरीत क्लफने अठ्ठावीस वर्षे काढली, त्यातील अठरा एकाच क्लबात.

त्याचा जन्म २१ मार्च १९३५ रोजी मिडल्सबरो या पोलाद आणि रसायनांच्या गावात झाला. नगरपालिकेने बांधलेल्या लहानशा घरात भावंडांची भलीमोठी पंगत. वडील गोळ्या-मिठाईच्या कारखान्यात कामाला, आई घर चकचकीत ठेवणारी आणि पोरांना धाकात वाढवणारी. अकराव्या वर्षी घेतल्या जाणाऱ्या परीक्षेत हा मुलगा नापास झाला, आणि त्या काळच्या इंग्लंडात त्या परीक्षेवरच मुलाची पुढची वाट ठरत असे. पंधराव्या वर्षी कोणतेही प्रमाणपत्र न घेता तो शाळेतून बाहेर पडला आणि रसायनांच्या कारखान्यात रुजू झाला. आपण शिकलो नाही याचा सल त्याने जन्मभर बाळगला, असे त्याच्या वागण्यावरून म्हणता येईल. शिकलेल्या, कोटटाय घातलेल्या, क्लबाच्या दालनात सिगार ओढत बसणाऱ्या लोकांशी त्याचे कधीच पटले नाही.

मिडल्सबरोच्या संघातून तो खेळू लागला आणि गोलांचा पाऊस पडू लागला. संघ मात्र द्वितीय श्रेणीतच रुतून बसलेला. पुढे याने गोल करावेत आणि मागे बचावफळीने तितकेच प्रतिपक्षाला बहाल करावेत, असा प्रकार. १९६० च्या ऑक्टोबरात चार्ल्टनशी झालेला सामना सहा-सहा असा बरोबरीत सुटला. क्लफचे त्यात तीन गोल होते. आपलेच काही सहकारी मुद्दाम गोल खातात, असा त्याला संशय होता आणि तो त्याने बोलूनही दाखवला. ड्रेसिंग रूममध्ये त्यामुळे तो किती प्रिय झाला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात १९५९ साली त्याला अवघे दोन सामने मिळाले, त्यांत गोल झाला नाही आणि पुन्हा बोलावणे आले नाही.

मिडल्सबरोत त्याला एकच जिवाभावाचा माणूस भेटला. पीटर टेलर हा त्या क्लबाचा गोलरक्षक, वयाने क्लफहून जवळजवळ सात वर्षांनी मोठा, खेळाडू म्हणून सामान्य, पण पारख अशी की जवाहिऱ्याने खडा पाहावा तसा तो खेळाडू पाही. इतरांना क्लफ हा एक उद्धट पोरगा वाटत होता तेव्हा टेलरने त्याला देशातला सर्वोत्तम आघाडीवीर म्हटले. दोघे तासन्‌तास फुटबॉलवर बोलत बसत. आयुष्यातील सारी मोठी कामे क्लफने या माणसाच्या सोबतीने केली, आणि आयुष्यातील सर्वांत मोठा कडवटपणाही याच माणसाच्या वाट्याचा. ती हकीकत पुढे येईलच.

१९६५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, क्लफ हार्टलपूल्स युनायटेडचा मॅनेजर झाला. साखळीतील सर्वांत तरुण मॅनेजर आणि सर्वांत खालच्या श्रेणीतला दरिद्री क्लब, अशी ही गाठ होती. छप्पर गळत होते, तिजोरी रिकामी होती. क्लफने दारोदार आणि पबोपबी फिरून पैसे गोळा केले, काही काळ पगाराविना काम केले, आणि प्रसंग पडला तर संघाची बस आपणच चालवता यावी म्हणून तिचा परवानाही काढला. टेलर त्याच्या हाताखाली आला तो मोठ्या पगारावर पाणी सोडून. पहिल्या हंगामात संघ अठरावा आला, दुसऱ्या हंगामात आठवा. आकडे पाहता यात सांगण्यासारखे फारसे नाही. परंतु याच मुक्कामात सोळा वर्षांच्या एका शाळकरी पोराला त्याने संघात घेतले. जॉन मॅकगव्हर्न त्याचे नाव. अंगाने किडकिडीत, धावण्याची ढब विचित्र. प्रेक्षक त्याला हसत. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

१९६७ साली ही जोडी डर्बी काउंटी या द्वितीय श्रेणीतील क्लबात आली. पहिल्याच वर्षी संघ पूर्वीपेक्षा खाली, अठराव्या स्थानी घसरला. आजच्या काळात एवढ्यावर मॅनेजरला नारळ मिळाला असता. डर्बीच्या संचालकांनी धीर धरला आणि फळ लगेच दिसले. क्लफने टॉटनहॅमचा डेव्ह मकाय हा दोनदा पाय मोडलेला, उतारवयाला लागलेला योद्धा आणला, त्याला धावपळ करायला न लावता मागे उभे राहून तरुणांना सांभाळण्याचे काम दिले. १९६९ साली डर्बी प्रथम श्रेणीत आला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मकायला विभागून मिळाला. तीन वर्षांनी, १९७२ च्या मे महिन्यात, डर्बीचे सामने संपले होते. खेळाडू टेलरसह मायोर्काच्या किनाऱ्यावर ऊन खात होते आणि क्लफ कुटुंबासह सिली बेटांवर सुट्टीत होता. लीड्सला विजेतेपदासाठी फक्त बरोबरी हवी होती, ते हरले. लिव्हरपूलला विजय हवा होता, त्यांना बरोबरीवर समाधान मानावे लागले. अशा रीतीने घरी कोणी नसताना लक्ष्मी दारात येऊन बसली. पुढच्या वर्षी डर्बीने युरोपीय करंडकाच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली.

आणि मग जे व्हायचे तेच झाले. क्लफ आता दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय वक्ता झाला होता. फुटबॉलचे अधिकारी, प्रतिस्पर्धी मॅनेजर, स्वतःच्याच क्लबाचे संचालक, कोणीही त्याच्या जिभेतून सुटत नसे. अध्यक्ष सॅम लाँगसन यांनी त्याला एके काळी मुलासारखे वागवले होते. कॉलिन टॉडसारखा खेळाडू पावणेदोन लाख पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या फार मोठ्या किमतीला, अध्यक्षांना न विचारता विकत घेतला गेला तेव्हाही त्यांनी सोसले. परंतु जाहीर बोलण्यावर लगाम घालण्याचा त्यांनी आग्रह धरला तेव्हा क्लफ आणि टेलर यांनी १५ ऑक्टोबर १९७३ रोजी राजीनामे फेकले. राजीनामा स्वीकारला जाणार नाही, असा क्लफचा होरा असावा. तो स्वीकारला गेला. गावात मोर्चे निघाले, खेळाडूंनी बंड पुकारले, काही उपयोग झाला नाही. ज्या मकायला क्लफने आणले होते तोच त्याच्या जागी मॅनेजर म्हणून आला आणि १९७५ साली त्याने डर्बीला पुन्हा साखळी जिंकून दिली. आपल्यावाचून अडणार नाही ही गोष्ट गुणी माणसास नेहमीच उशिरा कळते.

येथे क्षणभर गोव्याकडे पाहणे अप्रस्तुत होणार नाही. आमच्याकडचे फुटबॉल उभे राहिले ते बऱ्याच अंशी खाणमालक घराण्यांच्या आश्रयाने. धेंपो, साळगावकर, सेझा ही नावे येथल्या पोरांनी शाळेच्या धड्यांआधी पाठ केली. आश्रयदाता आणि गुणी यांच्यातील नाते किती नाजूक असते हे म्हणून आम्हांस सांगावे लागत नाही. आर्मांदो कुलासो यांना धेंपोने दीर्घ काळ एका जागी राहू दिले, आणि त्यांनी २००५ ते २०१२ या अवधीत क्लबाला राष्ट्रीय साखळीची पाच जेतेपदे मिळवून दिली. देशातील फुटबॉलमध्ये मॅनेजरला इतका अवसर क्वचितच मिळाला आहे. पुढे २०१६ साली धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तिघांनी, राष्ट्रीय स्पर्धांच्या नव्या आखणीवर नाराज होऊन, आय-लीगमधून अंग काढून घेतले. संचालकांच्या बैठकीत एका दुपारी घेतलेला निर्णय गावोगावच्या मैदानांवर किती वर्षे रेंगाळतो, हे डर्बीकरांना आणि गोवेकरांना सारखेच ठाऊक आहे.

डर्बीनंतर क्लफ काही महिने ब्रायटनला तृतीय श्रेणीत होता. तेथे एका हौशी संघाने त्याला स्वतःच्या मैदानावर चार-शून्य असे हरवले. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. १९७४ च्या जुलैमध्ये मात्र त्याने असे एक पाऊल उचलले की ज्याचा उलगडा आजवर कोणास नीट झालेला नाही. डॉन रेव्ही इंग्लंडच्या संघाचे मॅनेजर झाल्याने लीड्स युनायटेडची जागा रिकामी झाली होती. लीड्स त्या वर्षीचा विजेता. याच लीड्सच्या आडदांड खेळावर, पंचांशी हुज्जत घालण्यावर क्लफने वर्षानुवर्षे जाहीर टीका केली होती. तरी त्यांनी बोलावले आणि हा गेला. टेलर सोबत आला नाही, तो ब्रायटनलाच राहिला. पहिल्याच भेटीत क्लफने त्या मातब्बर खेळाडूंना सुनावले की तुमची सारी पदके कचऱ्यात टाका, कारण ती तुम्ही लबाडीने मिळवली आहेत. त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे होते असे नाही. परंतु नव्या घरात पाय ठेवताच देव्हाऱ्यातले टाक बाहेर फेकायला सांगणाऱ्या सुनेचे जे होते तेच त्याचे झाले. साखळीच्या सहा सामन्यांत एक विजय मिळाला आणि चव्वेचाळीस दिवसांत क्लफ रस्त्यावर आला.

आमच्या मते हे चव्वेचाळीस दिवस समजल्याशिवाय पुढची अठरा वर्षे समजत नाहीत. लीड्समध्ये क्लफ एकटा होता, हे एक. दुसरे असे की लीड्सच्या खेळाडूंना त्याची गरज नव्हती. ते जिंकून चुकले होते. क्लफचे सामर्थ्य अशा माणसांवर चालत नसे. ज्याला जगाने टाकून दिले आहे, ज्याच्या गुणाकडे कोणी पाहिलेले नाही, ज्याचा गुडघा म्हणा, आत्मविश्वास म्हणा, कोठे तरी मोडला आहे, असा माणूस समोर आला म्हणजे क्लफच्या हाताला जादू येई.

६ जानेवारी १९७५ रोजी तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला आला तेव्हा हा क्लब द्वितीय श्रेणीत तेरावा होता. ट्रेंट नदीच्या काठी मैदान, गावात लेस आणि सायकलींचे कारखाने, रॉबिन हूडची दंतकथा आणि फुटबॉलची बेताचीच परंपरा. पहिली दोन वर्षे विशेष काही घडले नाही. १९७६ च्या उन्हाळ्यात टेलर येऊन मिळाला आणि गाडी रुळावर आली. पुढच्या वर्षी फॉरेस्ट तिसरा क्रमांक मिळवून कसाबसा प्रथम श्रेणीत चढला. आणि त्यापुढच्याच वर्षी, १९७८ साली, लिव्हरपूलला सात गुणांनी मागे टाकून साखळीचा विजेता झाला! नोव्हेंबर १९७७ पासून पुढच्या डिसेंबरपर्यंत साखळीतील बेचाळीस सामने फॉरेस्ट हरला नाही. हा विक्रम २००४ सालापर्यंत, आर्सेनलने मोडीपर्यंत, टिकला.

हा संघ कोणाचा बनला होता ते पाहण्यासारखे आहे. जॉन रॉबर्टसन हा स्कॉटिश पोरगा क्लफच्या आधीपासूनच क्लबात होता. स्थूल, आळशी, दाढी वाढलेला, सदा हाती सिगारेट, वेगाचे नाव नाही. त्याला विकण्याची तयारी झाली होती. क्लफ आणि टेलर यांनी त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले, त्याला खडसावले, आणि डाव्या बगलेवर उभा केला. चेंडू पायात आला म्हणजे हा लठ्ठ माणूस बचावपटूला जागच्या जागी हुलकावणी देऊन असा काही क्रॉस टाकी की पुढच्याने फक्त डोके लावावे. केनी बर्न्स हा बर्मिंगहॅमचा भांडखोर आघाडीवीर. दारू, जुगार, पंचांशी मारामारी अशी त्याची ख्याती. टेलरने गुपचूप त्याच्यावर नजर ठेवली, खात्री करून घेतली, आणि फॉरेस्टमध्ये आणून त्याला चक्क बचावफळीत उभे केले. १९७८ साली तो देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला. व्हिव्ह अँडरसन या कृष्णवर्णीय बचावपटूला परगावच्या प्रेक्षकांनी घाणेरड्या शिव्या घातल्या, फळे फेकून मारली, तेव्हा क्लफने त्याला पाठीशी न घालता पुन्हा त्याच प्रेक्षकांसमोर सराव करायला धाडले. त्याच अँडरसनने १९७८ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या मुख्य संघाचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होण्याचा मान मिळवला. आणि कर्णधार कोण? हार्टलपूल्सचा तो किडकिडीत पोरगा, जॉन मॅकगव्हर्न. क्लफने त्याला हार्टलपूल्सहून डर्बीला, डर्बीहून लीड्सला आणि लीड्सहून नॉटिंगहॅमला आपल्यामागे आणले होते.

क्लफच्या पद्धतीविषयी पुस्तके लिहिली गेली आहेत, पण तिचे शास्त्र कोणास मांडता आलेले नाही. फळ्यावर आकृत्या काढणे त्याला आवडत नसे. प्रतिपक्षाचा अभ्यास तो फारसा करू देत नसे. चेंडू जमिनीवर ठेवा, आपल्याच गड्याला द्या, पंचाशी वाद घालू नका, इतकेच त्याचे शास्त्र. ढगांत फुटबॉल खेळावा अशी देवाची इच्छा असती तर त्याने तेथे गवत उगवले असते, अशा अर्थाचे त्याचे एक वाक्य प्रसिद्ध आहे. सामन्याआधी तो ड्रेसिंग रूममध्ये टॉवेलवर चेंडू ठेवी आणि हा तुमचा मित्र आहे, त्याच्याशी प्रेमाने वागा, असे सांगे. मोठ्या सामन्यापूर्वीचा ताण घालवण्यासाठी तो खेळाडूंना नदीकाठी हिंडायला नेई. १९७९ च्या लीग कप अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री तर त्याने सगळ्यांना हॉटेलात बसवून दारू पाजली. ज्यांना लवकर झोपायचे होते त्यांनाही उठू दिले नाही. दुसऱ्या दिवशी पूर्वार्धात संघ लडखडला आणि उत्तरार्धात जिंकला. कोणत्याही क्रीडाशिक्षकाने याचे अनुकरण करावे अशी शिफारस आम्ही करणार नाही.

१९७९ च्या युरोपीय करंडकात पहिल्याच फेरीत गतविजेता लिव्हरपूल वाट्याला आला. त्याला फॉरेस्टने बाहेर काढले. उपांत्य फेरीत पश्चिम जर्मनीच्या कोलोन संघाने नॉटिंगहॅमला येऊन तीन-तीन अशी बरोबरी साधली तेव्हा सगळ्यांनी फॉरेस्टवर फुली मारली. परतीच्या सामन्यात कोलोनच्या मैदानावर एकच गोल झाला, तो फॉरेस्टचा. ३० मे १९७९ रोजी म्युनिक येथे स्वीडनच्या माल्मो संघाशी अंतिम सामना झाला. खेळ बेचव होता, हे मान्य केले पाहिजे. पण मध्यंतराच्या आधी रॉबर्टसनने डाव्या बगलेवर दोघांना चकवून दूरच्या खांबाकडे क्रॉस टाकला आणि ट्रेव्हर फ्रान्सिसने झेप घेत तो डोक्याने जाळ्यात धाडला. फ्रान्सिस हा ब्रिटनमधला पहिला दशलक्ष पौंडांचा खेळाडू, आणि युरोपीय करंडकातील हा त्याचा पहिलाच सामना. दशलक्षाच्या माणसाला तो गोल करू देणारा चेंडू आला होता एका टाकाऊ ठरवलेल्या माणसाच्या पायातून. पुढच्या वर्षी, २८ मे १९८० रोजी, माद्रिदला हॅम्बुर्गशी अंतिम सामना झाला तेव्हा फ्रान्सिस जायबंदी होता. हॅम्बुर्गकडे केव्हिन कीगन होता. गोल झाला एकच, आणि तो केला रॉबर्टसनने. दोन्ही वेळा करंडक उचलला मॅकगव्हर्नने.

असा माणूस इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा मॅनेजर झाला नाही. १९७७ च्या डिसेंबरात त्याची मुलाखत झाली. जनमत त्याच्या बाजूला होते. संघटनेच्या अधिकाऱ्यांनी रॉन ग्रीनवूड या सौम्य, सभ्य गृहस्थाला पसंती दिली. क्लफला आयुष्यभर ही गोष्ट लागून राहिली. अधिकाऱ्यांच्या जागी बसून पाहिले तर त्यांचाही दोष फार देता येत नाही. आपल्या खुर्च्यांना रोज हादरे देणारा नोकर कोण ठेवील? पण इंग्लंडने त्यानंतरच्या वर्षांत काय मिळवले, हेही साऱ्यांसमोर आहे.

गुणगान येथवर. आता दुसरी बाजू, कारण तिच्याशिवाय या माणसाचे चित्र म्हणजे निव्वळ आरती होईल. क्लफ समाजवादी होता, संपावरच्या खाणकामगारांच्या पाठीशी तो उघडपणे उभा राही, वंशद्वेष्ट्यांविरुद्धच्या चळवळीला त्याने नाव दिले होते. याच माणसाने १९८१ साली दहा लाख पौंडांना आणलेल्या जस्टिन फॅशानू या कृष्णवर्णीय तरुणाची, तो समलिंगी असल्याचे कळल्यावर, इतर खेळाडूंसमोर अवहेलना केली आणि सरावाच्या मैदानावरून त्याला पोलिसांकरवी बाहेर काढवले. टाकून दिलेल्यांना उचलणारा हा हात या एका पोराच्या बाबतीत मागे सरला. फॅशानूने १९९८ साली आत्महत्या केली. आपण त्याच्याशी वागायला चुकलो, अशी कबुली क्लफने उतारवयात दिली. १९८९ साली हिल्सबरो मैदानावर फॉरेस्ट आणि लिव्हरपूल यांच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे प्रेक्षक मृत्युमुखी पडले. बळींची संख्या अखेरीस सत्त्याण्णव झाली. क्लफने आपल्या आत्मचरित्रात त्याचा ठपका त्या मृतांच्याच बांधवांवर ठेवला. तो आरोप निराधार होता, हे पुढे २०१२ च्या स्वतंत्र चौकशीत आणि २०१६ च्या न्यायालयीन निर्णयात सिद्ध झाले. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत हाताखालून पैसे घेतल्याचा आरोपही त्याच्यावर ठेवण्यात आला होता. १९९८ साली प्रकृतीच्या कारणास्तव ते प्रकरण पुढे चालवले गेले नाही, त्यामुळे तो ना दोषी ठरला ना निर्दोष.

आणि दारू. ऐंशीच्या दशकात तिने त्याला हळूहळू पोखरले. चेहरा लाल, डागाळलेला झाला. निर्णय ढिले पडले. तरी १९८९ आणि १९९० साली त्याने लीग कप पुन्हा जिंकला आणि आयर्लंडमधील एका लहानशा क्लबातून रॉय कीन हा पोरगा सत्तेचाळीस हजार पौंडांना हेरून आणला, जो पुढे मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार झाला. १९९१ च्या एफए कपाच्या अंतिम सामन्यात, जो एकच मोठा देशांतर्गत करंडक त्याच्या घरी नव्हता, बरोबरी होऊन जादा वेळ सुरू होण्यापूर्वी इतर मॅनेजर जेथे खेळाडूंच्या घोळक्यात शिरला असता, तेथे क्लफ बाकावर बसून राहिला. फॉरेस्ट हरला. दोन वर्षांनी संघ साखळीच्या तळाशी गेला. १ मे १९९३ रोजी स्वतःच्या मैदानावरील शेवटचा सामना हरून फॉरेस्ट खालच्या श्रेणीत उतरला, आणि तरी प्रेक्षक हिरव्या स्वेटरातल्या त्या म्हाताऱ्यासाठी रडत गात उभे होते. संघ बुडवणाऱ्या मॅनेजरला असा निरोप फुटबॉलमध्ये क्वचितच मिळाला असेल.

पण दारूची सुरुवात कोठून झाली हे विचारले तर आमची बोटे टेलरकडे वळतात. १९८२ साली टेलर थकून निवृत्त झाला आणि काही महिन्यांतच डर्बीचा मॅनेजर म्हणून परतला. तेवढे क्लफने सोसले. १९८३ च्या मे महिन्यात क्लफ सुट्टीवर पायी फिरायला गेला असता टेलरने फॉरेस्टचा जॉन रॉबर्टसन डर्बीला नेला, क्लफला एका शब्दाने न सांगता. कराराची मुदत संपली होती, व्यवहार नियमाला धरून होता. पण तो रॉबर्टसन होता, दोघांनी मिळून धुळीतून उचललेला. क्लफने वर्तमानपत्रांतून टेलरवर आग पाखडली आणि बोलणे तोडले. दोघांची घरे एकमेकांपासून फार दूर नव्हती. सात वर्षे एकाने दुसऱ्याला फोन केला नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये मायोर्का बेटावर सुट्टीत असताना टेलर अकस्मात वारला. अंत्यविधीस क्लफ गेला. १९९४ साली आत्मचरित्र आले तेव्हा ते त्याने टेलरला अर्पण केले. हयात माणसाला फोन करण्याचे जे धैर्य युरोपचा करंडक दोनदा जिंकणाऱ्याला झाले नाही, ते अर्पणपत्रिका लिहिताना झाले. या बाबतीत त्याला हसण्याचा अधिकार आम्हांपैकी फार थोड्यांना असेल. भावाभावांची तोंडे वाटणीवरून वर्षानुवर्षे फिरलेली आणि मग बाराव्याला एकाच पंगतीस बसलेली माणसे आपल्या वाड्यावाड्यांवर दिसतात.

क्लफची पत्नी बार्बरा आणि मुले यांनी त्याला शेवटपर्यंत सांभाळले. मुलगा नायजेल त्याच्याच संघात आघाडीवर खेळला, तेव्हा बाप त्याला जाहीरपणे 'नऊ नंबरवाला' म्हणे, मुलगा म्हणून कौतुक कधी केले नाही. तोही पुढे मॅनेजर झाला, आणि डर्बी काउंटीचाही. जानेवारी २००३ मध्ये क्लफचे यकृत बदलण्यात आले. दारू त्याने सोडली होती, पण उशीर झाला होता. २० सप्टेंबर २००४ रोजी पोटाच्या कर्करोगाने तो डर्बीच्या इस्पितळात वारला. एकोणसत्तर वर्षांचा होता. शोकसभा चर्चमध्ये मावेना म्हणून डर्बीच्या मैदानावर घ्यावी लागली, आणि पावसात चौदा हजारांवर माणसे आली. फॉरेस्टचे लाल मफलर आणि डर्बीचे काळे-पांढरे मफलर एकाच रांगेत बसले होते. या दोन गावांतील वैर असे की एरवी त्यांना शेजारी बसवायला पोलीस लागतात.

या दोन गावांना जोडणारा रस्ता आहे, पंधरा-वीस मैलांचा. २००५ साली त्याला ब्रायन क्लफचे नाव देण्यात आले. त्याचे पुतळे तीन आहेत. मिडल्सबरोच्या पुतळ्यात तो तरुण आहे, खांद्यावर बूट टाकून सरावाला निघालेला. नॉटिंगहॅमच्या भर चौकातल्या पुतळ्यात दोन्ही हात उंच जोडून लोकांना अभिवादन करतो आहे. तिसरा डर्बीच्या मैदानाबाहेर २०१० साली बसवला, त्यात तो एकटा नाही. शेजारी पीटर टेलर आहे, आणि दोघांच्या मध्ये करंडक.